गरम झालेली जुनी एमपीएफआय गाडी वीस मिनिटांनी चालू होत नाही : कारण कसे शोधावे?

कोरांटी · 6 एप्रिल, रात्री 9:15

नमस्कार. वडिलांनी 2004 साली घेतलेली चार सिलिंडरची, मल्टिपॉइंट इंजेक्शनची (एमपीएफआय) पेट्रोल हॅचबॅक मी आजही रोज वापरते. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते दिले की चर्चा कंपनीच्या बऱ्यावाईटाकडे वळते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. गाडी 1,18,000 किलोमीटर चालली आहे, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण आरटीओत रीतसर झालेले आहे आणि सकाळी ती अर्ध्या चावीत चालू होते.

तक्रार गरम इंजिनाची आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवरून निघून त्र्यंबकला पोहोचले, गाडी बंद केली आणि दोन मिनिटांत पुन्हा चावी फिरवली, तर काहीच त्रास होत नाही. पण वाटेत मिसळ खायला थांबले आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत आले, की सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतो आणि इंजिन मात्र पेट घेत नाही. कधी दहा-बारा सेकंद सेल्फ मारल्यावर ते अडखळत, थरथरत सुरू होते, तर कधी अजिबात होत नाही. तास-दीड तास थांबले की काही झालेच नव्हते अशा थाटात पहिल्या चावीला चालू होते. गॅरेजपर्यंत नेईतो ती शहाण्यासारखी वागते, त्यामुळे मेकॅनिकला बिघाड दिसतच नाही.

आतापर्यंत प्लग, फ्युएल फिल्टर आणि बॅटरी बदलून झाली. अकरा हजारांच्या वर खर्च झाला आणि फरक शून्य पडला. आता ‘ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) गेला असेल’ असे सांगितले जात आहे. ईसीयूच्या किमतीत हात घालण्यापूर्वी खरे कारण शोधण्याची काही रीत आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. माझ्याकडे एक साधा मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो.

देवळालीकर · 6 एप्रिल, रात्री 10:02

ताई, हा सरळसरळ व्हेपर लॉक आहे, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडली आहे. पूर्वी कसारा घाट चढून इगतपुरीला गाडी थांबवली की आम्ही पेट्रोलच्या नळीला ओले फडके गुंडाळत असू, आणि काही जण तर नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावून ठेवत. त्यात आता पारा चाळिशीला टेकलेला आणि पेट्रोलमध्ये इथेनॉलची भर. ओले फडके ठेवून पाहा, पाच मिनिटांत गाडी चालू होईल.

सातपूरचा मास्तर · 7 एप्रिल, सकाळी 7:30

देवळालीकरांचा अनुभव खरा आहे, पण तो कार्ब्युरेटरच्या गाडीचा आहे. त्या गाड्यांत पंप इंजिनावर बसवलेला असे आणि तो टाकीतून पेट्रोल शोषून घेई. शोषणाऱ्या बाजूला दाब आधीच कमी असतो, म्हणून तिथे वाफ चटकन होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, साधारण अडीच ते तीन बार दाब असतो. पेट्रोलमधले हलके घटक उघड्यावर 35-40 अंशांनाच उकळू लागतात, पण तीन बार दाबाखाली तेच पेट्रोल त्याहून पुष्कळ जास्त तापमानापर्यंत द्रव राहते. तेव्हा जोवर दाब टिकून आहे, तोवर नाशिकचा उन्हाळा त्या गाडीचे काही बिघडवू शकत नाही. दाब टिकतो का, एवढाच प्रश्न उरतो.

वीस मिनिटेच का, हेही समजून घेणे उपयोगाचे आहे. गाडी बंद केली की पाण्याचा पंप थांबतो, कूलंट फिरत नाही, समोरून वारा येत नाही. पण इंजिनाच्या लोखंडात आणि एक्झॉस्टमध्ये साठलेली उष्णता कुठे तरी जाणारच, आणि ती बोनेटखालच्या प्रत्येक वस्तूत शिरते. म्हणजे बंद केल्यानंतर साधारण पंधराव्या ते चाळिसाव्या मिनिटापर्यंत बोनेटखालचे सुटे भाग धावत्या गाडीतल्यापेक्षाही जास्त तापलेले असतात. दोन मिनिटांत चावी फिरवली तर ही उष्णता अजून पोहोचलेली नसते, आणि तास-दीड तासाने ती निघून गेलेली असते. तुमची मिसळ नेमकी त्या खिंडीत सापडते.

आता निदानाकडे येऊ. इंजिन पेट घ्यायला योग्य वेळी ठिणगी, योग्य मापात पेट्रोल, आणि ह्या दोन्ही गोष्टी केव्हा द्यायच्या हे ईसीयूला सांगणारा संकेत, एवढे लागते. गाडी चालू होत नसलेल्या त्या अर्ध्या तासात यांपैकी काय गैरहजर आहे हे पाहायचे असते. गाडी बरी झाल्यावर तपासण्याला काही अर्थ नाही. साप निघून गेल्यावर भुई धोपटण्यासारखेच ते आहे, आणि आजवर तुमच्या गाडीवर तेच झालेले दिसते.

म्हणून पुढच्या वेळी ती रुसली की घाई न करता इतके करा. चावी ऑनवर आणून थांबा आणि मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूं असा पंपाचा आवाज येतो का ते ऐका. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित तरी हलतो का ते पाहा. नंतर चावी बंद करून दहा सेकंद थांबून पुन्हा ऑन, असे तीन-चार वेळा करा आणि मग सेल्फ मारा. त्याने चालू झाली तर रेलमधला दाब उतरलेला होता असे समजावे. त्यानेही नाही झाली तर ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरून सेल्फ मारा. बहुतेक ईसीयू अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात, त्यामुळे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झाले असेल तर ते निघून जाऊन इंजिन सुरू होते. सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतो का, तेही लिहून ठेवा. वही हवीच, आठवणीवर विसंबू नका.

ओहमकार · 7 एप्रिल, दुपारी 1:10

मास्तरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगतो. गरम इंजिनात पेट्रोल जास्त होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. इंजिन तापलेले असताना तो ‘थंड आहे’ असे सांगत राहिला, तर ईसीयू सकाळच्या मापाने पेट्रोल ओततो आणि प्लग भिजतात. येथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : जुन्या गाड्यांपैकी अनेकींत डॅशबोर्डच्या काट्यासाठी एक सेन्सर आणि ईसीयूसाठी दुसरा, असे दोन असतात. काटा बरोबर दाखवतो म्हणून सेन्सर चांगला, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

तपासणी सोपी आहे. ईसीयूच्या सेन्सरचे कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांमध्ये रोध मोजा. बहुतेक गाड्यांत 20 अंशांना तो दोन ते अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले धरावेत, पण तापमान वाढले की रोध घटला पाहिजे, आणि तोही मध्येच उडी न मारता. कनेक्टर काढताना चावी बंद असू द्या, आणि पिनांवर हिरवट थर दिसला तर आधी तो साफ करा.

द्राक्षबाग · 7 एप्रिल, रात्री 8:45

दिंडोरीकडे माझी 2006 सालची गाडी आहे, तिला नंतर सीएनजी किट बसवले. ताईंच्या गाडीला किट आहे का? विचारण्याचे कारण असे की, किट बसवल्यावर आम्ही पेट्रोलकडे दुर्लक्षच केले. टाकीत कायम दोन-तीन लिटर, तेही महिनोन्‌महिने तेच. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो हे मला तो जळाल्यावर कळले. गॅसवर चालतानाही काही किटांमध्ये पंप फिरत राहतो, हे बसवणाऱ्याने सांगायला हवे होते.

कोरांटी · 13 एप्रिल, सायंकाळी 6:20

सर्वांचे आभार. गाडीला सीएनजी किट नाही. मात्र पाचशे रुपयांचे पेट्रोल भरून गाडी रिझर्व्हच्या आसपास चालवण्याची सवय आमच्या घरी वर्षानुवर्षे आहे, हे प्रामाणिकपणे सांगते.

कूलंट सेन्सर दोनदा मोजला. सकाळी सहा वाजता 2,350 ओहम आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवल्यावर 270 ओहम. मधल्या काळात आकडा उडी न मारता उतरत गेला. पिना स्वच्छ आहेत. म्हणजे तो सेन्सर निर्दोष धरायला हरकत नसावी.

आठवड्यात गाडी दोनदा रुसली. गुरुवारी गंगापूर धरणावरून परतताना बावीस मिनिटांचा थांबा झाला. पंपाचा आवाज आला, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा थरथरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हते. चावी चार वेळा ऑन-ऑफ केल्यावर तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला सुरू झाली आणि अर्धा मिनिट एका सिलिंडरने काम सोडल्यासारखी थडथडली. ॲक्सिलरेटर दाबण्याची वेळच आली नाही, पेट्रोलचा वासही नव्हता. शनिवारी पाथर्डी फाट्यावर अगदी तसेच घडले आणि पुन्हा चावीच्याच युक्तीने सुटले.

सातपूरचा मास्तर · 13 एप्रिल, रात्री 9:00

ही नोंद कुठल्याही स्कॅनरपेक्षा मोलाची आहे. तसेही 2004 सालच्या आपल्याकडच्या गाडीला आजच्यासारखे ओबीडी-2 (स्कॅनरला दोष सांगणारी यंत्रणा) असण्याची खात्री नसते. अनेक जुन्या गाड्यांत डायग्नोसिसच्या दोन पिना तारेने जोडून चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजावी लागते. शिवाय रेलमधला दाब उतरल्याची खबर त्या काळच्या ईसीयूला नसतेच, कारण तिथे दाबाचा सेन्सर नसतो.

चावीच्या युक्तीने गाडी सुरू होते याचा अर्थ असा की, थांबलेल्या वीस मिनिटांत रेलमधला दाब उतरतो, गरम पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टर उघडला की वाफच येते. पंप दोन-तीनदा चालवला की वाफ दाबली जाते, मागे टाकीत ढकलली जाते आणि द्रव पेट्रोल पुढे येते. दाब उतरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत : पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीत परत येऊ न देणारी झडप), प्रेशर रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवून जास्तीचे पेट्रोल रिटर्नच्या होजने टाकीत सोडणारा), किंवा गळणारा इंजेक्टर. बाहेरची गळती असती तर वास आला असता.

यासाठी प्रेशर गेज लागेल आणि हे काम गॅरेजमध्येच करा. तापलेल्या इंजिनावर दाबाखालचे पेट्रोल उघडायचे नसते. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे दाब उतरतो, मग इंजिन थंड असताना गेज टी-जोडाने बसवायचा आणि जवळ अग्निशामक ठेवायचा. नंतर गाडी तापवून आणून बंद करायची आणि गेजकडे पाहत बसायचे. थोडा दाब उतरणे स्वाभाविक आहे, पण वीस मिनिटांनीही निम्म्याहून बराच जास्त शिल्लक राहायला हवा.

उतरत असेल तर वाट शोधायची. दाब पुन्हा चढवून बंद करताच टाकीकडून येणारा रबरी होज गेजच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला, क्लॅम्पने दाबून धरायचा. त्याने दाब टिकला तर दोष चेक व्हॉल्व्हचा. नाही टिकला तर तो सोडून रिटर्नचा होज दाबायचा. त्याने टिकला तर रेग्युलेटर दोषी. दोन्ही दाबूनही काटा खाली येत असेल तर एखादा इंजेक्टर गळतो आहे. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची बारीक नळी काढून तिच्यात पेट्रोलचा ओलावा दिसतो का, तेही पाहून घ्यावे. दिसला तर आतला पडदा फाटला आहे आणि पुढची तपासणी करायची गरज नाही. क्लॅम्प फक्त रबरी होजवर लावायचा, कडक नायलॉनच्या नळीवर लावला तर ती चिरते आणि एक दुखणे बरे करताना दुसरे लागते.

देवळालीकर · 13 एप्रिल, रात्री 9:40

चिमटे मागे घेतो. पण इथेनॉलचे काय? माझ्या माहितीतल्या दोघांची तक्रार पेट्रोल बदलल्यापासूनच सुरू झाली आहे.

ओहमकार · 13 एप्रिल, रात्री 10:15

इथेनॉल स्वतः 78 अंशांना उकळते, पण पेट्रोलमध्ये थोडेसे मिसळले की मिश्रणाची वाफ होण्याची ओढ वाढते. गंमत अशी की ही वाढ 10 टक्क्यांच्या आसपास सर्वांत जास्त असते. 20 टक्क्यांना ती आणखी वाढत नाही. त्यामुळे जिचा दाब टिकतो अशा गाडीला याने फरक पडत नाही, आणि जिचा टिकत नाही तिचा दोष थोडा लवकर उघडा पडतो. इथेनॉलचा डाग मला दुसरीकडे दिसतो : त्या काळातले रबरी होज, ओ-रिंग आणि पंपाचे सील ह्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. टाकी उघडणारच असाल तर ते सर्व एकदा पाहून घ्यावे. नाशिकच्या उंचीचाही उल्लेख कोणी तरी करेल, म्हणून सांगतो : सुमारे 600 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के कमी असतो आणि तीन बारच्या हिशेबात ते नगण्य आहे.

कोरांटी · 19 एप्रिल, रात्री 8:05

अंबडला एका मेकॅनिककाकांकडे गेज मिळाला. त्यांनी आधी थोडे नाक मुरडले, पण मास्तरांची पोस्ट त्यांना मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा स्वतःच रस घेऊन बसले.

पंप चालू असताना 2.9 बार. मुंबई नाक्यापर्यंत जाऊन आल्यावर गाडी बंद केली. एका मिनिटात 1.6, चार मिनिटांत 0.5 आणि दहा मिनिटांच्या आत काटा शून्यावर. रिटर्नचा होज दाबून काही फरक पडला नाही. टाकीकडचा होज दाबला तर वीस मिनिटांनंतरही 2.3 बार शिल्लक होते. रेग्युलेटरची नळी कोरडी होती. मागची सीट उचलून पंप काढला. चेक व्हॉल्व्ह पंपाचाच भाग असल्याने वेगळा मिळत नाही, म्हणून पंप नवा घातला, सोबत जाळी, टाकीच्या तोंडाची रबरी रिंग आणि दोन होज बदलले. जुन्या जाळीवर तपकिरी गाळाचा थर होता. रिझर्व्हवर गाडी चालवण्याची आमची सवय त्या गाळातून सरळ माझ्याकडे पाहत होती.

आता दहा मिनिटांनी 2.5 बार दाब असतो. काल सिन्नरला जाऊन आले, पंचवीस मिनिटांच्या थांब्यानंतर पहिल्या चावीला सुरू झाली. धागा येथे संपवायला हरकत नाही असे वाटते.

कोरांटी · 27 एप्रिल, रात्री 10:30

धागा संपला नाही.

आज सप्तशृंग गडावरून उतरून नांदुरीत चहाला थांबलो. अर्ध्या तासाने गाडीने पूर्ण नकार दिला. सेल्फ जोरात, पंपाचा आवाज येतो, चावीची युक्ती सहा वेळा केली, ॲक्सिलरेटर दाबूनही पाहिला. काही उपयोग नाही. आणि या वेळी आरपीएमचा काटा जागचा हलला नाही. पन्नास मिनिटांनी तीच गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. सुरू होताना अडखळली नाही, थरथरली नाही, एकदम स्वच्छ सुरू झाली. आई म्हणाली, देवीनेच थांबवले असेल. मी मात्र वहीत वेळ लिहीत होते.

घरी येऊन मागच्या नोंदी चाळल्या. या वर्षी जानेवारीतही एकदा असेच झाले होते, तेव्हाही तासाभराने अगदी स्वच्छ सुरू झाली होती. म्हणजे काही वेळा ती अडखळत सुरू होत होती आणि काही वेळा अजिबात होत नव्हती, हे दोन वेगळे प्रकार मी एकाच तक्रारीत गुंडाळून सांगत होते का?

सातपूरचा मास्तर · 28 एप्रिल, सकाळी 6:50

होय, आणि त्यात चूक माझीही आहे. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये दोन ‘कधी’ स्पष्ट लिहिलेले आहेत. मी ते वाचले आणि एका दोषात दोन्ही बसवून टाकले. दाब उतरलेली गाडी हळूहळू, कुरकुरत सुरू होते, कारण वाफ एकदम जात नाही. जी मुळीच सुरू होत नाही आणि मग एकदम निर्मळ सुरू होते, तिथे काही तरी तुटते आणि पुन्हा जुळते. तो विजेचा स्वभाव आहे, पेट्रोलचा नव्हे.

काटा न हलणे हा संशयाचा मोठा धागा आहे. सेल्फ मारताना क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचा दांडा फिरतो आहे हे टिपणाऱ्या सेन्सरचा, संकेत ईसीयूला मिळाला नाही, तर इंजिन फिरते आहे हेच त्याला कळत नाही. मग तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. मात्र काही गाड्यांत काट्याची तार ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून येते, तेव्हा कॉइल किंवा तिला चालवणारा इग्नायटर गेला तरी काटा स्तब्ध राहील. म्हणून काटा हा पुरावा नाही, इशारा आहे. पुढच्या खेपेला ठिणगी येते का ते पाहा, पण वायर उपटून इंजिनापासून बोटभर दूर धरण्याची जुनी पद्धत वापरू नका. त्याने हात तर झटका खातोच, पण इग्नायटरही जातो. स्पार्क टेस्टर दीड-दोनशे रुपयांत मिळतो.

ओहमकार · 28 एप्रिल, दुपारी 12:40

तुमच्या गाडीतला क्रँक सेन्सर दोन तारांचा असेल तर तो बहुधा चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा आहे आणि मल्टिमीटरने तपासता येतो. कनेक्टर काढून थंड असताना रोध मोजून ठेवा. साधारण काही शेकड्यांपासून हजार-दीड हजार ओहमपर्यंत असतो. तीन तारांचा असेल तर तो हॉल प्रकारचा असू शकतो. त्याचा रोध मोजून काही कळत नाही आणि काही वेळा मोजतानाच तो बिघडतो, त्यामुळे आधी तारा मोजा.

नंतर गाडी रुसलेली असतानाच पुन्हा मोजा. वेटोळ्याची तार केसाहून बारीक असते. वीस वर्षे तापून-निवून ती कुठे तरी चिरते; तापल्यावर भोवतीचे राळेसारखे आवरण फुगते आणि तुटलेली टोके दूर जातात, थंड झाल्यावर पुन्हा चिकटतात. सेन्सर तापलेला असताना मीटर काहीच दाखवत नसेल तर निकाल लागला. रोध ठीक दिसला तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. चांगला सेन्सर थोडे तरी व्होल्टेज देतो. खात्री हवी असल्यास गार पाण्याचे ओले फडके सेन्सरवर पाच मिनिटे धरा. पाणी ओतू नका, शेजारी एक्झॉस्ट तापलेला असतो.

मेन रिलेचाही (ईसीयू आणि पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचचाही) विचार माझ्या मनात आला होता. जुन्या गाड्यांत रिलेच्या आतले सोल्डर चिरते आणि उन्हात उभ्या गाडीत असेच प्रकार होतात. पण पंपाचा आवाज येत होता असे ताईंनी लिहिले आहे, त्यामुळे त्याला सध्या मागे ठेवतो.

कोरांटी · 4 मे, सायंकाळी 7:15

सेन्सर दोन तारांचा निघाला. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जुळतात तिथे, एक्झॉस्टच्या पाइपपासून वीतभर अंतरावर बसवलेला आहे. थंड असताना 840 ओहम.

बिघाड मुद्दाम घडवून आणावा म्हणून आज दुपारी दोन वाजता एसी लावून द्वारका, नाशिक रोड, परत द्वारका अशा गर्दीतून तासभर गाडी फिरवली आणि उन्हात उभी केली. वीस मिनिटांनी सुरू झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा उभी केली, पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या खेपेला, पस्तिसाव्या मिनिटाला, काटा मेला. गाडी बिघडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. स्पार्क टेस्टरमध्ये ठिणगी नाही. कनेक्टर काढून मीटर लावला तर आकडाच नाही, उघड्या तारेसारखे. ओले फडके धरून बसले. सहाव्या मिनिटाला मीटरवर एकदम 900 च्या आसपास आकडा उमटला, कनेक्टर लावला आणि पहिल्या चावीला गाडी सुरू झाली.

सातपूरचा मास्तर · 4 मे, रात्री 8:30

उत्तम. आता सेन्सर बदलेपर्यंत गाडी शहराबाहेर नेऊ नका. आज हा दोष उभ्या गाडीत दिसतो, कारण चालताना वाऱ्याने सेन्सर थंड राहतो. चीर वाढली की तो धावत्या गाडीतही तुटतो आणि महामार्गावर इंजिन अचानक बंद पडते. इंजिन बंद झाले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही दोन-तीन पॅडलनंतर जाते. नवा बसवताना जागा स्वच्छ पुसा, टोकाला चिकटलेला लोखंडी कीस नव्या सेन्सरच्या वाट्याला येऊ देऊ नका, आणि तारेला एक्झॉस्टपासून दूर पट्टीने बांधा.

देवळालीकर · 4 मे, रात्री 9:10

मग पंपाचा खर्च वाया गेला म्हणायचा का?

सातपूरचा मास्तर · 4 मे, रात्री 9:35

नाही. दहा मिनिटांत शून्यावर येणारा गेज खोटे बोलत नव्हता आणि त्या दुरुस्तीनंतर थरथरत सुरू होणे पूर्ण थांबले आहे. वाया गेली ती बॅटरी आणि प्लग; फिल्टर त्या गाळाकडे पाहता केव्हा तरी बदलायचाच होता. उलट पंप आधी बदलला नसता तर दुसरा दोष इतका स्वच्छ वेगळा दिसला नसता.

कोरांटी · 18 मे, रात्री 9:50

सेन्सर बदलून बारा दिवस झाले. या काळात त्र्यंबक दोनदा, सिन्नर एकदा आणि काल पुन्हा नांदुरी. प्रत्येक वेळी वीस ते चाळीस मिनिटे मुद्दाम थांबले. एकदाही रुसली नाही. नव्या सेन्सरचा रोध 870 ओहम आहे, तो वहीत लिहून ठेवला. टाकी आता निम्म्याखाली जाऊ देत नाही.

सिन्नर फाटा · 19 मे, सकाळी 10:20

माझ्या 2005 सालच्या गाडीचा असाच त्रास आहे. गरम झाल्यावर थांबवली की नंतर चावी फिरवली तरी नुसता टक् आवाज येतो, सेल्फ फिरतच नाही. क्रँक सेन्सर बदलू का?

ओहमकार · 19 मे, दुपारी 1:05

अजिबात नको. तुमचा सेल्फच फिरत नाही, त्यामुळे वरच्या चर्चेतले काहीच तुमच्या गाडीला लागू नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो. नेहमीपेक्षा साठ अंशांनी जास्त तापलेल्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचमध्ये) तो जवळपास पावपट जास्त होतो, आणि वायरिंग कमजोर असेल तर सोलेनॉइडला आत ओढले जायला पुरेसा प्रवाह मिळत नाही. गाडी रुसलेली असताना सेल्फ मारायला सांगून चार मापे घ्या : बॅटरीच्या दोन टोकांमध्ये, बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत, धन टोकापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत, आणि सोलेनॉइडच्या बारीक तारेवर. पहिले 9.6 व्होल्टच्या खाली गेले तर बॅटरी पाहा. बॅटरी ठीक असून दुसरे 0.3 च्या वर असेल तर अर्थिंगची पट्टी काढून घासून बसवा, आणि तिसरे अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर जाड केबलची टोके. ही सगळी ठीक आहेत आणि बारीक तारेवर मात्र दहाच्या खाली व्होल्ट मिळत असतील, तर इग्निशन स्विचपासून येणारी वाट तपासायची. आकडे आल्यावर नवीन धागा काढा, तिथे पाहू.